सोशल वर्कर नेमकं करतो काय? मेडिकलच्या वॉर्डापासून बाल न्याय मंडळापर्यंत

नमस्कार मंडळी.

"एमएसडब्ल्यू केलं म्हणजे नेमकं काय केलं गं? लोकांना मदत तर कुणीही करतो. त्याला डिग्री कशाला?" एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. नागपुरात समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो, बहुतेक वेळा एखाद्या लग्नाच्या पंगतीत. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी व्याख्येनं देणार नाही. आधी आपण मेडिकलच्या वॉर्डात जाऊ.

मेडिकल म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. इथे नुसते नागपूरचे पेशंट नसतात. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि पार छिंदवाडा-बालाघाटपासून माणसं येतात. समजा, भिवापूरकडच्या एका गावातले पन्नाशीचे मामा अपघात होऊन भरती झाले आणि त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ऑपरेशन नीट झालं, जखम भरत आली आणि डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. पण मामी म्हणते, "आणखी चार दिवस राहू द्या ना, साहेब." वॉर्डात कुजबुज सुरू होते की फुकटचं जेवण मिळतंय, म्हणून हलत नाहीत.

आता इथे समाजसेवा अधीक्षक येतात. सरकारी दवाखान्यात सोशल वर्करच्या पदाचं नाव हेच आहे. त्या स्टूल ओढून मामींजवळ बसतात आणि साधे प्रश्न विचारतात. घरात कोण कोण आहे? संडास घरात आहे की बाहेर? दाराला पायऱ्या किती? रेशन कार्ड कोणत्या रंगाचं? तुम्ही कामाला कुठे जाता? थोड्या वेळानं मामी मोकळी होते. "यायले संडासले कोण नेईन, मॅडम? मी मिरची खुडाले जाऊ, का यायच्यापाशी बसू?"

खरी गोष्ट इथे कळते. संडास घरामागे, चार पायऱ्या चढून. मुलगा पुण्याला कंपनीत. मामी घरी थांबली तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. ती चार दिवस मागतेय, कारण घरी गेल्यावर काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

मग कामाला लागायचं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी कधी आणि कुठे होते ते पाहायचं, म्हणजे त्यासाठी पुन्हा भाड्याची गाडी करून यावं लागणार नाही. कृत्रिम पायाचं माप जखम पूर्ण भरल्यावरच घेतात, म्हणून त्याची तारीख आणि जागा कागदावर लिहून द्यायची. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं, ते मामींकडून दोनदा वदवून घ्यायचं. गावच्या आशाताईंना फोन करून ड्रेसिंगचं सांगायचं. मुलाशी बोलायचं. आणि ज्या माणसाचा पाय गेलाय तो आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपलाय, त्याच्याशीही बोलायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

समजा, मामा म्हणाले, "मी घरी जात नाही. उमरेडले बहिणीकडे जातो." सोशल वर्करला मनातून वाटतं, घरीच गेलेलं बरं. तरी निर्णय मामांचा. दोन्हीकडचे फायदे-तोटे समोर मांडायचे आणि ते म्हणतील त्या वाटेनं त्यांच्यासोबत चालायचं. समाजकार्यात याला स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणतात. फेलिक्स बिस्टेक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं मांडली, त्यात हे एक आहे. गोपनीयता आहे, माणसावर दोष न ठेवणं आहे. आजही एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी ही तत्त्वं शिकवतात. परीक्षेत लिहायला ती सोपी आहेत. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा समोर बसलेला असतो तेव्हा ती पाळायला वर्षं लागतात.

आता दुसरी जागा बघू, बाल न्याय मंडळ. गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं इथे चालतात.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, त्यातली किमान एक महिला. म्हणजे कायद्यानंच समाजकार्याला न्यायाच्या टेबलावर खुर्ची दिली आहे. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे हजर केलं की १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), बालकल्याण अधिकारी किंवा सोशल वर्कर लिहितो.

या अहवालावर मी थोडी थांबणार आहे, कारण माझ्या मते अख्खा पेशा या दोन-तीन पानांत दिसतो.

समजा, सीताबर्डीच्या गर्दीत मोबाईल चोरताना १५ वर्षांचा मुलगा सापडला. एक अहवाल असा लिहिता येतो: "आईचे मुलाकडे दुर्लक्ष आहे. मुलगा वाईट संगतीत आहे. घरचे वातावरण योग्य नाही." तीन वाक्यं, आणि तिन्ही निकाल देणारी. वाचणाऱ्यापुढे मुलगा येतच नाही, येतं फक्त लिहिणाऱ्याचं मत.

दुसरा अहवाल म्हणतो: "आई सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेत तीन घरी धुणीभांडी करते. वडील दोन वर्षांपासून घरी नाहीत, असे आईने सांगितले. शाळेच्या हजेरीपटानुसार मुलगा दिवाळीपर्यंत नियमित होता, त्यानंतर गैरहजर. वर्गशिक्षिकेच्या म्हणण्यानुसार गणितात चांगला. भेटीच्या वेळी धाकट्या बहिणीला तोच जेवू घालत होता. मामा त्याला आपल्याकडे ठेवण्यास तयार आहेत." इथे डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कुणी सांगितलेलं वेगळं, कागदावर तपासलेलं वेगळं. मत आहे, पण शेवटी आहे आणि कशावरून बनलं ते वर दिसतंय. दिवाळीनंतर काय झालं, हा प्रश्न मंडळाला आता विचारता येतो. त्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवायचं, मामांकडे द्यायचं की समुपदेशनावर भर द्यायचा, हे या पानांवरून ठरायला मदत होते. एक घाईत लिहिलेलं "दुर्लक्ष आहे" मुलाच्या फाईलला चिकटतं आणि फाईलसोबत पुढे जात राहतं. म्हणून होम व्हिजिट कशी करायची, शेजाऱ्यांना संशय येऊ न देता पत्ता कसा शोधायचा, दारात उभं राहून काय विचारायचं नाही, हे सगळं शिकावं लागतं. फिल्डवर्कचे तास त्यासाठीच असतात, आणि कॉलेजात जी मुलं खोटे फिल्डवर्क रिपोर्ट लिहितात ती पुढे कुणाच्या तरी मुलाचं नुकसान करतात. मला हे फार गंभीर वाटतं.

मग चांगल्या मनाचं काय? ते लागतंच. पण आपल्याच शहरात बघा. कमलाबाई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघ सुरू केला. बाळंतपणात बायका मरत होत्या. कमलाबाईंपाशी कळवळा होता आणि परिचारिकेचं प्रशिक्षणही होतं. पुढे याच संस्थेनं नागपुरात समाजकार्य शिकवणारं महाविद्यालय काढलं. देशात या शिक्षणाची औपचारिक सुरुवात १९३६ मध्ये मुंबईला, सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या स्कूलमधून झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात तर कायदा आणखी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोसामाजिक कार्यकर्त्याची, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची, व्याख्याच दिली आहे: समाजकार्यात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल.

पण बाकी बहुतेक क्षेत्रांत मोकळं रान आहे. डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे, नर्सेसची परिषद आहे. सगळ्या समाजकार्यासाठी अशी देशपातळीवरची स्वतंत्र वैधानिक परिषद अजून नाही. कुणीही व्हिजिटिंग कार्डावर "सामाजिक कार्यकर्ता" छापू शकतो. आणि एखाद्या सोशल वर्करनं तुमची गोष्ट चारचौघांत सांगितली, तर त्याची नोंदणी रद्द करा म्हणून जायचं कुठे? बहुतेक क्षेत्रांत नोंदणीच नाही. ही परिषद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कंत्राटी नेमणुका, अपुरा पगार आणि एका माणसाच्या गळ्यात पडलेल्या शेकडो फाईली, याबद्दल ठामपणे बोलायलाही ती लागेल.

थंडीत फुटपाथवर ब्लँकेट वाटतानाचे फोटो आपण सगळे बघतो. ब्लँकेट जरूर द्या. पण घेणाऱ्याचा चेहरा सोशल मीडियावर टाकू नका. तो उद्या कामाला जातो, त्याच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याच्या प्रकरणात आलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ ओळख उघड करायला मनाई करतात. तिथे प्रश्न चांगुलपणाचा राहत नाही, गुन्हा होतो.

आता तुमच्या कामाचं. सरकारी दवाखान्यात अडलात तर समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारा. आधार, रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथेही सोशल वर्करलाच भेटायचं, आणि भरती होतानाच भेटायचं. बिल हातात पडल्यावर गेलात तर वाद वाढतो.

[स्क्रीनवर: १०९८ बालकांसाठी, १८१ महिलांसाठी, १४४१६ टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठी)]

हे तीन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. तुमचे प्रश्न कॉमेंटमध्ये लिहा, मी उत्तर देईन. फक्त कुणाचं नाव, गाव, फोन नंबर किंवा दवाखान्याचे कागद तिथे टाकू नका. अशी कॉमेंट दिसली तर मी लगेच काढून टाकणार आहे.