गल्ली कुणाची?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मतदानाबद्दल, ते पण आपल्या पेठांच्या, नगरांच्या मतदानाबद्दल. चहाच्या गाड्यावर आपण छातीठोक सांगतो ना, ही गल्ली कमळाची, ती हाताची, पूर्व भाग म्हणजे पहिल्यापासून लाल बावटा. माझं म्हणणं एवढंच की गल्ली कुणाची ते त्या दिवशी बूथवर कोण गेलं यावर ठरतं. परत सांगतो, बूथवर कोण गेलं यावर.

आपल्याच सोलापूरचं बघा की. विडी कामगार बायका आणि मागावरच्या लोकांनी लाल बावट्याच्या आडम मास्तरांना, म्हणजे कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांना, १९७८, १९९५ आणि २००४ असं तीनदा विधानसभेत पाठवलं. मग शहर मध्य मतदारसंघातून २००९ पासून तीनदा काँग्रेसच्या प्रणिती शिंदे. लोकसभेला मात्र २०१४ आणि २०१९ दोन्ही वेळा भाजप, २०२४ च्या मे महिन्यात परत काँग्रेस, आणि सहाच महिन्यांनी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण तिन्ही जागा भाजपकडं. तीच घरं, तीच माणसं. महापालिकेला तर एका प्रभागात चार-चार बटणं दाबायची असतात, तिथं एकाच घरातली माणसं दोन-तीन चिन्हांना वाटून मतं देतात. २०१७ ला १०२ पैकी ४९ जागा घेऊन भाजप पहिला आला तरी निम्म्याच्या आतच राहिला.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला सांगायचीच होती.

२०२४ ची लोकसभा, ७ मे, ऊन असं की डांबर चपलेला चिकटायलंय. पूर्व भागातल्या एका बोळात मी ओळखीच्या अक्कांकडं गेलो होतो. अक्का विड्या वळतात, मुलगा पुण्याला कंपनीत. मतदानाची सुट्टी आपल्याला असते ओ, पण विडीची मजुरी हजार विड्यांमागं मिळते, हात थांबला की त्या दिवसाचे पैसे गेले, त्यामुळं सकाळभर सूप मांडीवर घेऊन त्यांचं काम चालूच. म्हणाल्या, ऊन उतरलं की जाऊ सगळ्या मिळून. आणि नेमकं चार वाजता नळाला पाणी आलं!

चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. सगळा बोळ घागरी, बादल्या, पिंप घेऊन बाहेर. मतदान कोणाच्या डोक्यात राहतंय. साडेपाचला अक्का उठल्या आणि मधोमध उभं राहून ओरडल्या, "सहाला गेट लावतात गं, पाणी काय परत पाच दिवसांनी येतंय, मत पाच वर्षांनी!" आणि लगेच वाटणी करून दिली. ज्या सकाळीच मत देऊन आल्या होत्या त्यांनी दोन-दोन घरच्या पायपा सांभाळायच्या, पिंप भरला की बदलायचा, बाकीच्यांनी निघायचं. ओल्या साडीनं निघाल्या सगळ्या. वाटेत भांडण पण चालूच, एक म्हणते कमळ, एक म्हणते हात, तिसरी म्हणते मास्तर सांगतील तिथं, आणि अक्का म्हणतात आधी पोचा तर खरं.

शाळेत पोचल्या तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी. रांग मोठी. एक पोरगा उगाच म्हणाला, आता होत नाही मावशी, जावा घरी. दोघी मागं फिरल्या पण. अक्कांनी हाताला धरून थांबवलं. ही गोष्ट नीट ऐका, मी दोनदा सांगणार आहे: सहाच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, कितीही उशीर होऊ दे. साहेब लोक शेवटच्या माणसापासून पुढं अशा नंबरच्या चिठ्ठ्या वाटत येतात. तशा वाटल्या, आणि सगळ्यात पहिली चिठ्ठी आमच्या अक्कांच्या हातात, कारण शेवटी त्याच उभ्या होत्या. परत सांगतो, सहाला रांगेत असाल तर हलू नका.

सगळ्यांची मतं झाली, एकीचं सोडून. ती लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहायला आलेली, जुन्या यादीतून नाव गेलेलं, नवीन यादीत आलेलंच नाही. कार्ड हातात, आधार हातात, पण यादीत नाव नाही म्हटल्यावर कुणी काही करू शकत नाही. ती तिथं पायरीवर बसून रडली ओ. मला ते अजून सहन होत नाही.

त्या लोकसभेला आपल्या मतदारसंघात मतदान झालं ५९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातले चाळीस आलेच नाहीत. त्यात सुट्टी बघून महाबळेश्वरला गेलेले आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आहेत, ज्यांचं नाव इथं आणि पोट तिथं. आणि पाण्यासाठी थांबलेल्या बायका आहेत. विषयाला सोडून आहे पण बोलतोच, उजनी धरण भरलेलं असताना शहरानं पाच दिवस नळाकडं बघत बसायचं हे मला कधीच पटलेलं नाही, निदान मतदानाच्या दिवशी तरी पाण्याची वेळ आधी सांगा.

तर घर बदललं असेल, गल्ली बदलली असेल तर फॉर्म नंबर आठ. नवीन नाव घालायचं असेल तर फॉर्म सहा. मोबाईलवर होतं, नाही जमलं तर तुमच्या भागातल्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा किंवा १९५० ला फोन लावा. पोरांची अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि कार्ड आहे म्हणजे नाव आहे असं समजू नका, यादी बघा. आठ नंबरचा फॉर्म, लिहून घेतला का? आठ.