फोटो दाबून पाहता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

ग्लोव्हज घालण्याआधी बॉक्सरच्या हाताला गॉझची पट्टी बांधतात. ती बांधताना समोरच्या गोटातला माणूस शेजारी उभा राहून पाहू शकतो. 24 जानेवारी 2009 ला लॉस एंजेलिसमध्ये शेन मोझलीचे प्रशिक्षक नाझीम रिचर्डसन असेच अँतोनिओ मार्गारितोच्या खोलीत उभे होते. पट्टीखालची गादी त्यांनी बोटांनी चाचपली. मऊ हवी ती कडक लागली. पट्ट्या सोडून नव्या बांधाव्या लागल्या आणि नवव्या फेरीत मार्गारितो हरला.

इथवर वादाला जागा नाही. गाद्या जप्त झाल्या, तपासणीत त्यांत कॅल्शियम आणि गंधक सापडलं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये हेच घटक असतात. परवाने रद्द झाले. मार्गारितोचा प्रशिक्षक म्हणाला, चुकून दुसऱ्याच गाद्या उचलल्या. मला हे पटत नाही. ज्याचा जन्म हात बांधण्यात गेला, त्याच्या बोटांना तो कडकपणा कळू नये?

खरा पेच मागच्या सामन्याचा आहे. जुलै 2008 मध्ये लास वेगासला याच मार्गारितोसमोर, तोवर अपराजित असलेल्या मिगेल कोट्टोने अकराव्या फेरीत गुडघा टेकला. तेव्हाही हात असेच बांधले होते का? कोट्टोने पुढे त्या रात्रीचा फोटो दाखवला, त्यात पट्टी फाटलेली दिसते. तो पाहून पोटात कालवतं. पण फोटो दाबून पाहता येत नाही, आणि त्या पट्ट्या प्रयोगशाळेत गेल्याच नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच भांड्यातल्या भाताची. 2011 मध्ये दोघांच्या दुसऱ्या लढतीत कोट्टो जिंकला, हाही पुरावा नव्हे. मार्गारितोचा उजवा डोळा वर्षभरापूर्वी बॉक्सर मॅनी पॅकियाओने फोडला होता. माझा संशय दाट आहे, पण त्याला मी शाबिती म्हणणार नाही.

1983 मध्ये न्यूयॉर्कला लुईस रेस्टोने तरुण बिली कॉलिन्सचे डोळे सुजवून बंद केले. सामना संपल्यावर कॉलिन्सच्या वडिलांनी रेस्टोशी हस्तांदोलन केलं आणि ग्लोव्हमधली गादी गायब असल्याचं त्यांच्या हाताला कळलं. त्यांनी तिथूनच निरीक्षकांना हाका मारल्या. ग्लोव्हज जप्त झाले, 1986 मध्ये रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस न्यायालयात दोषी ठरले. लास वेगासला त्या रात्री कोट्टोच्या बाजूने असा हात कुणी धरून ठेवला नाही.