चिखलात गुडघे टेकून

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातलं कोल्सबर्न नावाचं छोटं गाव. अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, तरी थंडी हाडांत शिरत होती. पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. अशा दुपारी एका ओल्या कुरणात गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांतून उतरणारी माणसं बहुतेक साठी-सत्तरीची. उतरल्याबरोबर डिकी उघडायची, बूट काढून गमबूट चढवायचे आणि चालू लागायचं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या काखेत गुडघ्यांखाली घ्यायची छोटी गादी. माझी लेक तिथून दहा-बारा किलोमीटरवर, चेल्टनमला राहते. तिच्याबरोबर मी गेले होते, आणि मला वाटलं होतं की असल्या हवेत आपण दोघीच असू.

ही सगळी माणसं वीतभर उंचीचं एक पांढरं फूल बघायला आली होती. स्नोड्रॉप.

मी साताऱ्याची. फुलं बघायला पावसात भिजत जाणं मला नवं नाही. कासच्या पठारावर पाय घसरत, छत्री उलटी होत मी कितीतरी वेळा गेले आहे. तेरड्याने पठार गुलाबी होतं, तेव्हा घाटात गाड्यांची रीघ लागते. पण कासला आपण उभ्याने बघतो. नजर जाईल तिथवर रंग, आणि आपण त्याच्या काठाशी. कोल्सबर्नला लोक काय करत होते? चालता चालता मध्येच थांबायचे, आणि एकेक जण चक्क चिखलात गुडघे टेकायचा.

कारण हे फूल मान वर करत नाही. देठाच्या टोकाशी ते खाली तोंड करून लोंबतं. बाहेर तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन आखूड. त्या आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण असते, आणि जाणकारांचा सगळा जीव त्या खुणेत. कुठे ती उलट्या बदामासारखी, कुठे इंग्रजी एक्ससारखी, कुठे नुसते दोन ठिपके. 'ग्रम्पी' नावाच्या एका जातीवर तर दोन डोळे आणि खाली वळलेले ओठ असा रुसलेला चेहराच दिसतो. हे बघायचं तर फुलाच्या पातळीवर उतरावं लागतं. बोटाने हनुवटी उचलावी तसं फूल उचलावं लागतं. ज्यांना वाकवत नाही, त्यांच्यातल्या काहींच्या काठीला छोटा आरसा बांधलेला असतो. आरसा फुलाखाली धरायचा आणि उभ्यानेच आत डोकवायचं. ऐंशीच्या आसपासच्या एक बाई असा आरसा धरून एका ताटव्यापाशी पाच मिनिटं तरी उभ्या होत्या. मग त्यांनी मला हाताने खुणावलं, आरसा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "बघा."

शास्त्रीय नाव गॅलँथस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ते रूढ केलं. ग्रीकमध्ये 'गाला' म्हणजे दूध आणि 'अँथोस' म्हणजे फूल. म्हणजे दूधफूलच की! रानात याच्या साधारण वीस जाती आहेत. बागांमध्ये नाव मिळालेले प्रकार मात्र हजाराच्या वर. पूर्वी आमच्याकडची जाणती माणसं ज्वारीचं कणीस हातात घेऊन वाण सांगायची, तशी ही मंडळी फूल बघून नाव सांगतात. त्यांना गॅलँथोफाइल म्हणतात. लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये मिडलटन हाउस आहे. तिथे राहणारे थोर बागप्रेमी ई. ए. बोल्स यांच्याकडे या शब्दाचं श्रेय जातं.

आणि एक नातं ऐकून तर मला फार आनंद झाला. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गवारीत स्नोड्रॉप, कांदा आणि लसूण एकाच कुळातले. आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर फुलणारा गडांबीकांदा, तोही त्यांचा भाऊबंद. स्नोड्रॉपचा कंद हातात घेतला तर पातीच्या कांद्याचं बुडखंच वाटावं. फक्त तो खायचा नाही, विषारी असतो.

फुलाने आपली वेळ अशी निवडली आहे की माणसाला घराबाहेर पडावंसं वाटू नये. जानेवारी-फेब्रुवारीत झाडांवर पान नसतं, त्यामुळे जो काही थोडा उजेड असतो तो जमिनीपर्यंत पोचतो. वर पालवी येऊन सावली दाटायच्या आत याला फुलून, बी धरून, कंदात साठा करून पुन्हा जमिनीखाली जायचं असतं. कडक हिमाच्या रात्रीनंतर पाहावं तर सगळे ताटवे आडवे झालेले असतात, आता संपलं असं वाटतं. दुपारी जरा ऊब आली की तेच पुन्हा ताठ. गार हवेत पाकळ्या मिटलेल्या राहतात. हवा दहा अंशांच्या आसपास गेली तरच त्या नीट फाकतात, आणि तेव्हाच एखादी चुकार मधमाशी बाहेर पडते. आम्ही गेलो त्या दिवशी बागेत एकही फूल पुरतं उघडलेलं नव्हतं. पण चहाच्या खोलीत टेबलावर काचेच्या इवल्या बाटल्यांत चार-पाच फुलं ठेवली होती. बाहेरून गारठून आलेली माणसं कपाभोवती हात धरून बसली, आणि चहा संपेपर्यंत त्या खोलीच्या उबेने फुलांच्या पाकळ्या पंख पसरावेत तशा वर आल्या. मधाचा मंद वास सुटला. आमचं टेबल त्या दोन-तीन मिनिटांत एकदम गप्प झालं होतं. आजही तो चहा आठवला की मला आधी तो वास आठवतो.

त्या वासाच्या फुलाचं नाव 'एस. अर्नॉट', आणि त्याची हकीकत सांगण्यासाठीच खरं तर मी आज तुमच्याशी बोलते आहे.

कोल्सबर्नचे जमीनदार हेन्री जॉन एल्विस. जन्म 1846 चा. झाडांचे, फुलांचे मोठे अभ्यासक आणि प्रवासी. 1874 मध्ये तुर्कस्तानात इझमीरजवळच्या डोंगरात त्यांना मोठ्या फुलाचा एक स्नोड्रॉप दिसला. त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं, एल्विसाय. दूर स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीजजवळ सॅम्युअल अर्नॉट म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनाही या फुलाचं वेड. त्यांनी आपल्याकडच्या एका सुंदर स्नोड्रॉपचे कंद एल्विसांना पाठवले. 1922 मध्ये एल्विस गेले. मोठमोठ्या संग्रहांचं मालकामागे जे होतं, ते इथेही झालं. बाग मागे पडली. पण अर्नॉटचे कंद तोवर हातोहात दुसरीकडे गेले होते. त्याच परगण्यात हाइड लॉज नावाच्या घराच्या बागेत ते वाढत राहिले. पुढे तिथे राहायला आलेल्या मॅथियस दांपत्याला आपल्या बागेत काय दडलं आहे ते कळलं. त्यांनी 1950 च्या दशकात 'जायंट स्नोड्रॉप कंपनी' काढली आणि टपालाने ते कंद देशभर धाडले. आज इंग्लंडमध्ये एस. अर्नॉट नसलेली स्नोड्रॉपची बाग सापडणं कठीण. आणि कोल्सबर्नमध्ये एल्विसांच्याच पणतूने आणि त्याच्या पत्नीने 1980 च्या दशकापासून ताटवे पुन्हा वाढवले.

विचार करा, अर्नॉटनी ते कंद स्वतःच्याच कुंपणात ठेवले असते तर? एखाद्या वर्षी बुरशीने किंवा कंद पोखरणाऱ्या माशीच्या अळीने सगळं संपलं असतं, आणि नावही उरलं नसतं.

पैशाची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. 2015 मध्ये 'गोल्डन फ्लीस' या पिवळ्या खुणेच्या स्नोड्रॉपचा एक कंद, एकच कंद, ऑनलाइन लिलावात 1,390 पौंडांना गेला. त्या वेळचे सव्वा लाखाहून अधिक रुपये. तो वाण तयार करायला ज्यो शार्मन या बागवानाला 18 वर्षं लागली होती, तेव्हा किमतीबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण या भावांमुळे चोऱ्या होऊ लागल्या. काही बागांनी दुर्मीळ झाडांच्या नावांच्या पट्ट्याच काढून टाकल्या, याचं मला वाईट वाटतं. जी माणसं नाव वाचायला गुडघे टेकतात, त्यांच्यापासूनच नाव लपवावं लागतं.

एरवी या जगाचा खरा व्यवहार पैशाचा नाहीच. ऑक्सफर्डजवळ प्रिमरोझ वॉरबर्ग नावाच्या बाई होत्या, 1996 मध्ये वारल्या. फेब्रुवारीत त्यांच्या घरी स्नोड्रॉपवाल्यांच्या पंगती उठत. आधी बागेत फिरायचं, मग जेवायचं. त्यांच्या नावाचाही एक पिवळा स्नोड्रॉप आहे. आजही अशी जेवणं होतात. व्याख्यानांचे मेळावे भरतात, तिथे दार उघडायच्या आधी तासभर लोक रांगेत उभे असतात. आणि 'नॅशनल गार्डन स्कीम' तर 1927 पासून आहे. तेव्हा घरोघर जाणाऱ्या परिचारिकांसाठी पैसे उभे करायला लोकांनी आपल्या खासगी बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग. आजही त्या योजनेतल्या कितीतरी बागा स्नोड्रॉपसाठी ऐन थंडीत खुल्या होतात. घरचे केक, किटलीभर चहा, आणि दाराशी चिखलाच्या बुटांची ओळ.

स्नोड्रॉप द्यायची रीतही वेगळी. सुकलेला कंद द्यायचा नाही, तो लवकर वाळून जातो. फूल ओसरलं की पानं हिरवी असतानाच ठोंब उपटायचा, हलक्या हाताने फोडायचा आणि ओल्या मातीसकट दुसऱ्याच्या हातात ठेवायचा. ठोंब दाटला की फुलं कमी होतात, म्हणून फोडावाच लागतो. दिल्याने देणाऱ्याचीही बाग सुधारते.

आरसेवाल्या बाई माझ्या लेकीच्या गल्लीतच राहतात, हे चहा पिताना कळलं. मार्चच्या सुरुवातीला, मी परत निघायच्या दोन दिवस आधी, त्यांनी दाराची घंटा वाजवली. हातात ओल्या वर्तमानपत्राची पुरचुंडी. आत एस. अर्नॉटची सात रोपं, पानं लवलेली, मुळांना काळी माती. "आजच लावा," म्हणाल्या, आणि आत न येताच गेल्या. लेकीने आणि मी ती सफरचंदाच्या झाडाखाली लावली, पावसातच.

त्याला आता सहा वर्षं झाली. त्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या घरात नवं कुटुंब आलं आहे, लहान मुलांचं. त्यांनी बागेत फरशी घातली. गेल्या मार्चमध्ये लेकीने सफरचंदाखालचा ठोंब फोडला, ओल्या वर्तमानपत्रात सात रोपं बांधली आणि जाऊन त्यांच्या दाराची घंटा वाजवली. फरशीच्या कडेला वीतभर माती शिल्लक होती, तिथे ती लावली आहेत.

नमस्कार.