ज्यांच्यासाठी काम, त्यांच्याशी आधी बोला

(सोलापुरातील स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्या संस्थांच्या बोलण्याचे दोन कप्पे झालेले दिसतात. देणगीदारासाठी गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेला वार्षिक अहवाल, आणि ज्या वस्तीसाठी संस्था उभी आहे तिच्यासाठी आदल्या दिवशी घाईघाईत काढलेलं हँडबिल. अहवालाचं मुद्रितशोधन तीनदा होतं. हँडबिलावर वेळ चुकली तर पेनाने दुरुस्त करून वाटतात. हा क्रम उलटा व्हावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. वस्तीशी नीट बोलणाऱ्या संस्थेला देणगीदाराशी आणि पत्रकाराशी बोलणं जड जात नाही, कारण सांगण्यासारखा तपशील तिच्याकडे आधीच जमलेला असतो.

एक हँडबिल समोर धरू. 'भव्य मोफत नेत्र तपासणी शिबिर'. वरच्या अर्ध्या भागात पाहुण्यांचे फोटो, खाली उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती. तळाला बारीक अक्षरात स्थळ आणि वेळ, 'सकाळी १० वा.' आता हे हँडबिल विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, पन्नाशीच्या बाईच्या हातात पडलं. तिचे प्रश्न वेगळेच असतात. दहाला सुरू, पण कितीपर्यंत? आधार लागेल की रेशनकार्ड? डोळ्यांत थेंब घालणार का? बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं. विडी वळायला नजर जवळ लागते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणजे त्या थेंबांनी तिचा अर्धा दिवस जातो. हे आधी कळलं तर ती पान-तंबाखूचं काम तसं मागेपुढे करेल, सोबत कुणाला तरी घेऊन येईल. न कळता आली आणि तिथे थेंब घातले, तर पुढच्या शिबिराला ती येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन कुठे, त्या दिवशी नेण्या-आणण्याचं काय, लेन्स आणि नंतरची औषधं 'मोफत'मध्ये येतात का, हेही हवं. तपासणी मोफत आणि लेन्सचे पैसे वेगळे असतील तर तसं छापा. 'मोफत' या शब्दाने गर्दी जमते, आणि लेन्सची रक्कम ऐकली की तीच गर्दी चिडते.

हे सगळं एका हँडबिलात मावणार नाही असं वाटतं, पण अर्ध्या ए-फोर कागदावर ते मावतं. पाहुण्यांची नावं एका ओळीत घ्या, फोटो काढून टाका. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको. डोळ्यांच्या शिबिराला अठरा ठेवा, कारण वाचणाऱ्याला मुळात दिसायचीच अडचण आहे. छपाईआधी एक चाचणी घ्या. वस्तीतल्या चार-पाच जणींना कागद द्या, आणि 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला सगळ्या 'हो' म्हणतात. 'तुमच्या जावेला हे कसं सांगाल?' असं विचारा. ती सांगताना जे गाळेल किंवा चुकीचं सांगेल, तिथे आपलं वाक्य कच्चं आहे.

वेळ आणि दिवस हाही संदेशाचाच भाग आहे. वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात देऊन पुढचा माल आणायचा असतो, त्या वेळेला ठेवलेल्या बैठकीला विडी कामगारांच्या पूर्व भागात कोण येणार? यंत्रमागावरच्या माणसाची पाळी विचारा. आणि आपल्या शहरात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी त्या भागाची पाळी असते त्या दिवशी घर सोडून कुणी हलत नाही. तारीख ठरवण्याआधी त्या पेठेचं पाण्याचं वेळापत्रक बघा. रिकाम्या मांडवाचं खापर 'लोकांना जाणीव नाही' यावर फुटतं, तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

भाषेबद्दल जरा सविस्तर. सोलापूर मराठीवर, तेलुगूवर, कन्नडवर आणि उर्दू-दखनीवर चालतं. म्हणून काही संस्था चार भाषांत चार हँडबिलं छापतात. हेतू चांगला, पण घरात तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ बायकांची शाळा मराठीतून झालेली असते किंवा झालेलीच नसते. त्यांना तेलुगू कळतं, तेलुगू लिपी वाचता येत नाही. अशा वेळी छापील मजकूर मराठीत ठेवा आणि तेलुगू आवाजात द्या. फोनवर रेकॉर्ड केलेला चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा निरोप पुरतो. पहिल्या पाच सेकंदांत कोण बोलतंय आणि कशाबद्दल, मग दिवस, वेळ, जागा, काय आणायचं, आणि शेवटी दिवस-वेळ पुन्हा. बोलणारी बाई त्याच वस्तीतली असावी. पुस्तकी तेलुगू किंवा धारवाडी वळणाचं कन्नड ऐकलं की इथल्या माणसाला तो सरकारी निरोप वाटतो. हाच आवाज रिक्षाच्या भोंग्यावरही चालतो. फक्त पोलिसांची परवानगी आधी घ्या आणि रिक्षावाल्याला गल्ल्यांची यादी लिहून द्या, नाहीतर तो मोठ्या रस्त्यावरूनच फिरून येतो.

व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा भरवसा आहे, पण ते चालतं कसं हे ठाऊक हवं. एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जणांपर्यंत नावं घालता येतात, आणि निरोप पोचतो तो ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. कार्यकर्ता यादी करतो, 'पाठवलं' म्हणतो, आणि निम्म्यांना काही गेलेलंच नसतं. म्हणून नोंदणीच्या टेबलावरच, माणूस समोर असताना, त्याच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर नावासकट सेव्ह करून द्या. दुसरं, मजकूर चित्रात कोंबू नका. चित्रातला फोन नंबर दाबून लावता येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. तिसरी गोष्ट तारखेची. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. अशा वेळी मदतीची आवाहनं भराभर फिरतात आणि त्यांतल्या कित्येकांवर तारीखच नसते. तारीख नसलेलं आवाहन गरज संपल्यावरही फिरत राहतं. मग जुन्या कपड्यांचे गठ्ठे येत राहतात आणि ते निवडायला माणसं अडकतात. प्रत्येक आवाहनावर आजची तारीख, 'या तारखेपर्यंतच', काय हवं आणि काय नको हे लिहा. 'वापरलेले कपडे पाठवू नयेत' असं लिहायला संकोच करू नका.

वर्तमानपत्रांचं थोडक्यात सांगतो. बातमी एका पानाची, पहिल्या वाक्यात काय झालं आणि किती जणांसाठी. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करून मजकूर म्हणूनच पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली बातमी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती खुणांची रांगोळी दिसते, आणि पीडीएफमधून मराठी उचलताना जोडाक्षरं फुटतात. उपसंपादकाकडे ती पुन्हा टाइप करायला वेळ नसतो. फोटोखाली डावीकडून नावं द्या. दुपारपर्यंत पोचवा. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राला काही द्यायचं असेल तर कार्यक्रमाच्या बरंच आधी पत्र द्या, आदल्या दिवशी नाही.

आता फोटो. इथे आपल्या हातून सर्वांत जास्त अन्याय होतो आणि तो चांगल्या मनाने होतो. वह्या वाटताना मुलाच्या हातात वही, दुसऱ्या टोकाला देणगीदाराचा हात, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. ते मूल उद्या वर्गात त्याच फोटोवरून ओळखलं जातं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या प्रकरणात बालकाचं नाव, पत्ता, शाळा, शेजार, काहीही प्रसिद्ध करता येत नाही. चेहरा धूसर केला आणि मागे शाळेची पाटी राहिली, तर ओळख उघडच झाली. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.

कायद्याच्या पलीकडे संमतीचा प्रश्न उरतो. शिलाई मशीन आपल्या हातात असताना 'फोटो काढू ना?' असं विचारलं तर समोरची बाई नाही कशी म्हणेल? संमती वस्तू देण्याच्या वेळी घेऊच नका. आधी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या, आणि 'नाही म्हटलंत तरी मशीन मिळणारच' हे वाक्य मोठ्याने म्हणा. फोटो कुठे कुठे जाणार तेही सांगा: अहवालात, पेपरात, फेसबुकवर, कंपनीच्या कार्यालयात. पेपरला चालेल पण फेसबुकला नको, असं सांगणाऱ्या बायका असतात, कारण फेसबुकवर माहेरची माणसं असतात. फॉर्मवर तसे वेगळे चौकोन ठेवा. नंतर तिने 'काढून टाका' म्हटलं तर कोण काढणार, त्या कार्यकर्त्याचं नाव आत्ताच ठरवा.

देणगीदाराकडे वळू. आवाहनात क्यूआर कोड टाकणं सोपं झालंय, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. कोड संस्थेच्या खात्याचा हवा, सचिवांच्या वैयक्तिक खात्याचा कधीही नको. कोडच्या लगत ठळक लिहा: 'पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि पॅन या नंबरवर कळवा.' २०२१-२२ पासून ८०जीच्या, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या प्राप्तिकराच्या, सवलतीसाठी संस्थेला देणग्यांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. नाव-पॅन नसलेले पाचशे-पाचशे रुपये खात्यात पडून असतात, आणि जुलैत देणगीदार विवरणपत्र भरायला बसतो तेव्हा फोन येतो. रोख देणगी २००० रुपयांवर गेली तर त्याला सवलत मिळत नाही, आणि धान्य-कपडे अशा वस्तूंना ती मुळात नाहीच. हे पावतीवर छापा. नंतर समजावण्यापेक्षा आधी सांगितलेलं लोकांना आवडतं. आणखी एक सावधगिरी: आवाहन परदेशातल्या नातलगांच्या ग्रुपवर जातं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे घेता येतात. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, मग तो मूळचा साखर पेठेतला का असेना.

हिशेब सांगताना पगार लपवू नका. समजा एका ऑपरेशनमागे संस्थेला शंभर रुपये लागले आणि त्यांतले अठरा गाडी, पगार, फोन यांत गेले, तर 'अठरा' असंच लिहा, आणि त्या अठरांमुळेच ऑपरेशननंतरच्या तपासणीला कार्यकर्ती घरी जाते, हेही लिहा. 'तुमचा प्रत्येक रुपया गरजूपर्यंत' ही ओळ खोटी असते आणि ती कामावरच्या माणसांचा अपमान करते. लेखापरीक्षण झालेला हिशेब आपण धर्मादाय आयुक्तांकडे देतोच. त्याचा एका पानाचा सोपा गोषवारा वस्तीतल्या केंद्राच्या दारावर लावा, मराठीत. आपल्या नावावर किती पैसे आले हे कळायचा पहिला हक्क तिथल्या माणसांचा आहे.

शेवटचा मुद्दा फोनचा. कागदावर नंबर छापतो, तो उचलतो कोण? नंबरसोबत नाव आणि वेळ द्या, 'दुपारी २ ते ६'. फोनजवळ एक वही ठेवा: कोणी, काय विचारलं, काय उत्तर दिलं, कधी. महिन्याने वही वाचली की पुढचं हँडबिल आपोआप तयार होतं, कारण एकच प्रश्न वीस जणांनी विचारला असेल तर तो कागदावर नव्हता असाच त्याचा अर्थ. तक्रारही त्याच वहीत लिहा, वेगळी दडवू नका. आणि ज्याचं काम आपल्याकडून होणार नाही, त्याला त्याच आठवड्यात फोन करून तसं सांगा, शक्य असेल तर कुठे होईल तेही सांगा. 'बघतो, कळवतो' म्हणून महिनोन्महिने ताटकळत ठेवलेल्या माणसापुढे पुढचं कोणतंही हँडबिल घेऊन जायला आपल्याला तोंड राहत नाही.