मॅन्युअलमध्ये आतलं किती सांगावं?

(बडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय तुम्हाला ठाऊक आहे. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी मॅन्युअल लिहिताना त्याच्या आतल्या बांधणीबद्दल लिहायचं की नाही. समोर मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांना बिलिंगचं, स्टॉकचं सॉफ्टवेअर पुरवणारे बरेच जण दिसतायत, त्यामुळे मॅन्युअल म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. मॅन्युअलात छापलेलं वाक्य म्हणजे दिलेला शब्द. तो पाळायची तयारी असेल तरच द्यावा.

याचं माझं लाडकं उदाहरण जावा या प्रोग्रामिंग भाषेचं आहे. जावात प्रत्येक स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या ओळीचा, हॅशकोड निघतो: अक्षरांवरून काढलेला एक आकडा. हॅशमॅपमध्ये, म्हणजे नोंदी कप्प्याकप्प्यांत ठेवणाऱ्या साठ्यात, ती स्ट्रिंग कुठल्या कप्प्यात जाणार, हे त्या आकड्यावरून ठरतं. वापरणाऱ्याला खरं तर एवढंच कळणं पुरे होतं की सारख्या स्ट्रिंगचा आकडा सारखाच येईल. पण अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये अख्खं सूत्रच छापलंय: पहिल्या अक्षराचा कोड घ्या, ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा कोड मिळवा, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत हेच करत जा.

मोबाईल हातात असतील त्यांनी कॅल्क्युलेटर काढा. इंग्रजी कॅपिटल ए चा कोड ६५, स्मॉल ए चा ९७. ६५ गुणिले ३१ म्हणजे २०१५, अधिक ९७, झाले २११२. आता कॅपिटल बी दोनदा घ्या. त्याचा कोड ६६. ६६ गुणिले ३१ म्हणजे २०४६, अधिक ६६. आले ना २११२? दोन वेगळ्या स्ट्रिंगा, आकडा एकच. आता या दोन जोड्या हव्या तशा एकापुढे एक लावा. दहा जोड्यांच्या, म्हणजे वीस अक्षरी, १०२४ स्ट्रिंगा तयार होतात आणि सगळ्यांचा हॅशकोड तोच. सगळ्या एकाच कप्प्यात जाऊन पडतात आणि तिथे शोधाशोध सुरू होते. २०११ च्या अखेरीस हे जाहीरपणे दाखवलं गेलं: अशी मुद्दाम निवडलेली नावं फॉर्ममध्ये भरून पाठवली की वेब सर्व्हर गुदमरतो. फक्त जावाच नाही, पीएचपी, पायथन, रूबी या भाषाही त्यात सापडल्या.

पायथनने हॅश काढताना दर वेळी वेगळी, गुप्त संख्या मिसळायला सुरुवात केली आणि ३.३ आवृत्तीपासून ते आपोआप होऊ लागलं. जावाला स्ट्रिंगच्या बाबतीत ही वाट बंद होती. सूत्र छापलेलं, लोक त्यावर विसंबलेले. इतकंच काय, जावा ७ पासून स्ट्रिंगवर स्विच लिहिलं, म्हणजे स्ट्रिंग बघून पुढची वाट निवडायला सांगितलं, की कंपायलर, म्हणजे कोडवरून चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम, ते हॅशकोडचे आकडेच त्या फाइलमध्ये कोरून ठेवतो. सूत्र बदललं की जुने प्रोग्राम चुकणार.

मग सुटका कुठून झाली? जिथे शब्द दिला नव्हता तिथून. हॅशमॅपच्या डॉक्युमेंटेशनने क्रमाची हमी नाही असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि एका कप्प्यातल्या नोंदी कशा रचायच्या याचं वचन कुणाला दिलं नव्हतं. २०१४ च्या जावा ८ मध्ये कप्प्यात गर्दी झाली की साध्या साखळीऐवजी झाड, म्हणजे लवकर शोधता येणारी फांद्यांची रचना, उभं करायची सोय आली. वापरणाऱ्याला एक ओळही बदलावी लागली नाही.

इथे एक खरं सांगायला हवं. नुसतं गप्प राहून भागत नाही, लोक दिसेल त्यावर विसंबतात. गो भाषेत मॅपमधल्या नोंदी कुठल्या क्रमाने येतील हे ठरलेलं नाही असं लिहून ठेवलं, तरी लोक दिसणाऱ्या क्रमाच्या भरवशावर कोड लिहीत. म्हणून २०१२ च्या गो १ मध्ये तो क्रम मुद्दामच बदलता ठेवला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय. तेव्हा ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर.

कसोटी एकच: हे वाचून वापरणाऱ्याची पुढची कृती बदलते का? मर्यादा, वेळ, पैसे किंवा डेटा जाण्याची भीती असेल तर लिहाच, पण त्याच्या मापात. ग्राहकाला एसएमएस जाणार असेल तर मॅन्युअलात ‘यूसीएस-२ एन्कोडिंग वापरले जाते’ असं लिहून बिलिंगवरच्या माणसाला काय कळणार? असं लिहा: ‘इंग्रजी निरोप १६० अक्षरांपर्यंत एक धरला जातो, मराठी ७० पर्यंत. एकाहत्तरावं आलं की दोन निरोपांचे पैसे, आणि मग एका तुकड्यात ६७च मावतात. काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. नमस्कार या शब्दाचे ७ होतात. इंग्रजी निरोपात एक जरी मराठी अक्षर आलं तरी मर्यादा ७०.’ गुजरातीलाही हाच हिशेब. आणि हे शेवटच्या प्रकरणात नको, जिथे निरोप टाइप करायचा त्याच पायरीवर हवं.

तसंच एक्सेलचं. आकडे आत कसे साठवतात ते नको. ‘१५ अंकांपुढचे अंक शून्य होतात, म्हणून कार्ड नंबरचा रकाना भरण्याआधी टेक्स्ट करा’ हे हवं.

वाचणारा कोण, तेही बघा. पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणाऱ्याला व्यवहार क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजणारा, असतो हे सांगावंच लागतं. दोन अब्ज व्यवहार व्हायच्या आत प्रत्येक टेबलावर व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या नोंदींची आवराआवर, झालं नाही तर काम अडतं, आणि ते झालंय की नाही हे बघणं त्याच्याकडे आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये ते आहे, आणि योग्य आहे. बिल फाडणाऱ्याला मात्र ‘रो लॉक’ नको. ‘एका कॉम्प्युटरवर उघडलेलं बिल दुसऱ्यावर दुरुस्त होणार नाही, आधी तिथे बंद करा’ एवढं पुरे.

टेबलांची नावं, फोल्डरची रचना, कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, किती सेकंदांचा, हे युजर मॅन्युअलात नको. तुमच्या सपोर्टच्या मुलांना ते लागतं, मान्य. त्यांची पुस्तिका वेगळी करा, कोड जिथे ठेवता त्याच रिपॉझिटरीत ठेवा, वर आवृत्ती क्रमांक घाला, आणि टेबल बदलणाऱ्यानेच त्याच बदलात तिथली ओळही बदलायची असा नियम ठेवा.