बरणीतली दिवाळी

हा जो खणखण आवाज येतोय ना, तो आमच्या ओट्याखालच्या कपाटाचा आहे. दार उघडलं की आधी बरण्याच दिसतात, जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या, आणि एक आलं-लसूण पेस्टची आहे ती कधी आणली होती ते आता कुणालाच आठवत नाही. आई दरवेळी तेच म्हणते, "अगं काच आहे, टाकायची कशी?" आणि बरणी धुवून परत आत जाते. दसरा झाला की हे कपाट आम्ही रिकामं करायला घेतो, यावेळी मोजल्या तर २७ निघाल्या, आणि यांचेच आम्ही दिवाळीसाठी दिवे करतो.

आईचा प्रश्न मात्र खरा आहे. रद्दीवाला वर्तमानपत्रं लगेच उचलतो, पुठ्ठा उचलतो, पत्र्याचे डबे पण नेतो, काचेचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो, कारण काच जड, वाटेत फुटते आणि भाव काहीच नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावातली मधली जी काच आहे ना, ती डोक्यावरून वाहून न्यायला सगळ्यात अवघड आणि हात कापायला सगळ्यात सोपी. म्हणून मला वाटतं, जी बरणी घरात अजून कामाला येऊ शकते ती त्या ताईंच्या पोत्यात कशाला घालायची.

आणि काच काय साधी गोष्ट आहे का! वाळू, सोडा आणि चुनखडी साधारण दीड हजार डिग्रीला वितळवायची तेव्हा कुठे काच होते. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने गेलं की तळेगाव लागतं, तिथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता, स्वदेशीचे दिवस होते, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून त्यातून काच बनवायला लागले होते. एवढ्या भट्टीतून आलेली वस्तू आपण जॅम संपला की फेकून देतो, मला ते बघवत नाही.

बरं, आता काम. आधी लेबल. रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवलं की कागद सुटतो पण चिकट थर तसाच राहतो, त्यावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा सारखाच घेऊन चोळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि काथ्याने घासायचं. लोणच्याच्या झाकणाचा वास मात्र जाता जात नाही, उन्हात ठेवा नाहीतर काही करा. पण झाकण आपल्याला नकोच आहे.

माझी सगळ्यात आवडती ही, टिकल्यांची. आईच्या टिकल्यांचं पाकीट घ्यायचं आणि ठिपक्यांच्या रांगोळीचे ठिपके काढतो तशा बरणीवर बाहेरून टिकल्या चिकटवायच्या, मग गेरूत थोडा फेविकॉल घालून त्याचा हात मारायचा, नुसता पाण्यातला गेरू लावला तर बोटाला लागतो. वाळला की टिकल्या नखाने अलगद काढायच्या. आत छोटी लाइटची माळ सोडली आणि खोलीतला दिवा बंद केला की भिंतीवर हे बघा, ठिपकेच ठिपके! पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझा भाचा हात लावून बघत होता की भिंतीला काय चिकटवलंय.

दुसऱ्या प्रकाराला पतंगाचा कागद लागतो. बाबा लहानपणी कामट्यांचा कंदील करायचे, खळीने कागद चिकटवायचे, तेच इथे काचेवर करायचं, रंगीत तुकडे फाडून एकावर एक. कात्रीने कापू नका, फाडलेल्या कडा एकमेकांत छान मिसळतात आणि पिवळ्यावर लाल आला की मधे केशरी दिसतो.

आणि हा पाण्यातला दिवा. रंग नाही, कागद नाही, नुसती स्वच्छ बरणी. तळाशी शेवंतीच्या पाकळ्या, त्यावर पाणी, पाण्यावर दोन चमचे तेल. तारेची गुंडाळी करून तळाशी बसवायची, तिचं वरचं टोक तेलाच्या जरासं वर आलं पाहिजे, त्यात तेलात भिजवलेली वात अडकवायची आणि वातीचं शेपूट तेलात सोडायचं. गोल बरणीत पाणी भरलं की ती भिंगासारखी होते त्यामुळे पाकळ्या केवढ्या मोठ्या दिसतात बघा. तेल संपलं की वातीला पाणी लागतं, चुर्र आवाज येतो आणि दिवा आपोआप विझतो, म्हणून खिडकीत ठेवायला मला हाच बरा वाटतो, तरी पडदा लांबच हवा.

मेणबत्तीचं सांगायलाच पाहिजे. गेल्या वर्षी मी अरुंद तोंडाच्या बरणीत मेणबत्ती उभी केली, ती कलंडली, ज्योत काचेला टेकली आणि पाडव्याच्या रात्री बरणी टचकन तडकली. लोणच्याची साधी काच एका बाजूनेच तापली तर सहन करत नाही. तेव्हापासून मेणबत्ती फक्त रुंद तोंडाच्या बरणीत, तळाला वाळू घालून मधोमध, वरून झाकण कधीच नाही, आणि गरम बरणीला पाणी अजिबात लावायचं नाही.

वसुबारसेला यातल्या ४ बाहेर येतात, लक्ष्मीपूजनापर्यंत सगळा जिना भरतो. शेजारच्या काकू वर येताना थांबतात, "ही आमच्या मुरंब्याची बरणी ना गं?" हो काकू, तीच. मग त्या घरी जाऊन अजून २ घेऊन येतात.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की टिकल्यांच्या आणि कागदाच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. पाण्याच्या दिव्याची बरणी आई गरम पाण्याने धुते, उन्हात पालथी घालते, आणि संध्याकाळी त्यात आमसुलं भरते.