मुंबईत कोण कधी फुलतं

[विक्रोळी, पूर्व द्रुतगती मार्ग. सकाळ.]

फेब्रुवारी सरत आला की विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला हा गुलाबी बहर येतो. झाडाचं नाव टॅबेबुया. बसंत रानी असंही म्हणतात. मूळचं अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातलं. फुलताना पानं बरीचशी गळालेली असतात, त्यामुळे फांदीवर नुसता रंग उरतो. ऑफिसला निघालेली माणसं दुचाकी बाजूला घेतात, हेल्मेट हातात धरून दोन फोटो काढतात आणि पुढे जातात. त्या दोन मिनिटांसाठीच ही फिल्म करावीशी वाटली.

मुंबईत उन्हाळा आणि पावसाळा असे दोनच ऋतू, असं आपण सर्रास म्हणतो. झाडांकडे पाहिलं तर ते पटत नाही.

[बोरिवली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.]

टॅबेबुयाच्या आधीच इथे काटेसावर फुललेली असते. पाठोपाठ पळस आणि पांगारा. काटेसावरीच्या या जाडजूड फुलांत मध भरपूर. मैना, बुलबुल, शिंजीर सकाळपासून फांदी सोडत नाहीत. फुलाचा फोटो काढायला गेलात तर पक्षी आपोआप मिळतो.

[दादर पारशी कॉलनी.]

उन्हाळ्याची चाहूल लागली की सोनमोहोर. पिवळा सडा गाड्यांच्या टपावर, फुटपाथवर, बाकावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांच्या टोपीवरसुद्धा. झाडूवाल्या मावशी सकाळी ढीग करतात, दुपारपर्यंत पुन्हा रस्ता पिवळा. फोटो काढायचा तर त्या येण्याआधी पोहोचावं, आणि त्यांचाही काढावा, अर्थात विचारून.

एप्रिल-मे बहाव्याचा. झुंबरासारखे लोंबणारे पिवळे घोस. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. याच सुमाराला ताम्हण जांभळा होतो. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण त्याच्याखाली बसची वाट पाहणाऱ्या कितीजणांना ते ठाऊक असतं?

[गुलमोहर. अगदी जवळून.]

आता या फुलापाशी जरा थांबू. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण मुंबईची मे महिन्याची सुट्टी त्याच्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. पाकळ्या पाच. चार लाल. पाचवी पाहा: पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल ठिपके आणि रेघा. लांबून ही दिसतच नाही. चाळीतली मुलं मात्र तिला ओळखतात. कळीच्या बाहेरची हिरवी-लाल सालं नखांना चिकटवायची आणि पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची. ज्याचं तुटलं तो हरला. हा खेळ अजून खेळला जातो, हे या दृश्यात दिसतंच आहे.

कडक उन्हात गुलमोहराचा फोटो बिघडतो. मोबाइल तो लाल रंग पेलत नाही, पाकळीच्या शिरा पुसल्या जातात आणि नुसता लाल डाग उरतो. आभाळ भरून आलेलं असताना काढा, किंवा स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करा. पाचवी पाकळी लगेच दिसू लागते.

[दादर, फूलबाजार. पहाट.]

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मुंबईचं फूल पाहायचं तर इथे. वसईच्या वाड्यांतून सोनचाफा लोकलने येतो. उजाडायच्या आत खुडलेला, कारण ऊन चढलं की पाकळ्या पसरतात आणि मग गिऱ्हाईक हात लावत नाही. गौरी आल्या की तेरड्याच्या जुड्या. दसऱ्याला झेंडूचे डोंगर, शेजारी आपट्याची पानं आणि तोरणात ओवायला भाताच्या लोंब्या. गजरे करणाऱ्या ताईंचे हात पाहा. दोरा बोटांत अडकवलेला, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, फिरकी, गाठ. गिऱ्हाइकाशी भाव चाललाय, नजर गजऱ्याकडे नाहीच, तरी एक कळी निसटत नाही. एवढं देखणं काम या शहरात रोज फुटपाथवर बसून केलं जातं.

कॅमेरा घेऊन येणार असाल तर एक सांगतो: निळ्या ताडपत्रीखाली केशरी झेंडू मळकट दिसतो. दोन पावलं मागे या, ताडपत्रीच्या कडेपाशी, जिथे आभाळाचा उजेड थेट पडतो. आणि हमालाच्या वाटेत उभे राहू नका. त्याच्या डोक्यावर ओझं असतं.

रस्ता रुंद होतो, इमारत नव्याने उभी राहते, बुंध्याभोवती सिमेंट ओतलं जातं. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, तरी यातली जुनी झाडं जात राहतात.

[गल्ली. पारिजातक.]

पारिजातक रात्री फुलतो आणि उजाडताना गळतो. शाळेत निघालेली ही मुलगी वाकून ओंजळ भरते, आजी वरून हाक मारते, "अगं, बस चुकेल!"

मोबाइलवर काढलेल्या प्रत्येक फोटोत तारीख नोंदलेली असते. म्हणून एकाच झाडाचे फोटो वर्षभर काढा: पालवी, कळी, फूल, शेंग. सीझनवॉच या देशभर चालणाऱ्या उपक्रमात सामान्य माणसंच आपापल्या झाडाच्या अशा नोंदी दर आठवड्याला करतात, आणि ऋतू कसे सरकताहेत ते अभ्यासायला त्या वापरल्या जातात. बहावा, गुलमोहर तुमच्या गल्लीत असतीलच. त्यातलं एक झाड निवडा आणि पहिला फोटो याच आठवड्यात काढा, फुललेलं नसलं तरी.